न्यूयॉर्कमधली इटालियन रेस्टॉरंट आणि पिझ्झेरिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. कुणाचे आईवडील जर्सीला लेकीकडे येणार असतात, कुणी मास्टर्ससाठी नुकतंच उतरलेलं असतं, तर कुणाला ऑफिसच्या कामातून एकच संध्याकाळ मोकळी मिळणार असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचे वार सारखे बदलतात, म्हणून ते दिलेले नाहीत. निघण्याआधी त्या त्या ठिकाणाच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

१. न्यूयॉर्कमधला सगळ्यात चांगला पिझ्झा कुठे मिळतो? एकच नाव सांगा.

एकच नाव सांगता येत नाही, कारण इथे पिझ्झा हा एक पदार्थच नाही. चार वेगवेगळ्या घराण्यांचे पिझ्झे एकाच शहरात नांदतात. पहिला स्लाइसचा: गॅसच्या भट्टीतला मोठा पातळ पिझ्झा, काउंटरवर तुकड्याने विकला जाणारा. दुसरा कोळशाच्या भट्टीतला, जो बहुतेक ठिकाणी अख्खाच घ्यावा लागतो. तिसरा नेपल्सच्या पद्धतीचा, छोटा, मऊ, एकट्याने खायचा. चौथा चौकोनी, जाड, तव्यात भाजलेला. जोज पिझ्झा या स्लाइसच्या दुकानात जाऊन 'बसायला जागा नाही' म्हणून कुरकुर करणारे आणि नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा हातात धरून 'मधे ओला आहे' म्हणून परत करणारे, दोघांचीही निवड चुकलेली नसते. आपण कशासाठी आलोय हे त्यांना माहीत नसतं, एवढंच. आधी प्रकार ठरवा, मग दुकान.

२. स्लाइस कशी मागायची? आम्ही काउंटरसमोर गोंधळून उभे राहतो.

काचेआड दिसणाऱ्या पिझ्झ्यांपैकी साधा, फक्त सॉस आणि चीज असलेला, त्याला 'प्लेन' किंवा 'रेग्युलर' म्हणतात. बोट दाखवून 'वन प्लेन' म्हटलं की पुरे. मागची रांग तुमच्याकडे बघत असते, त्यामुळे प्रश्न विचारायचे असतील तर रांगेत असतानाच विचारून घ्या. तुकडा पुन्हा भट्टीत घालून गरम करून देतात. नुकताच बाहेर आलेला पिझ्झा दिसला तर त्यातलाच मागा. दोन्हींत फार फरक असतो. तुकडा लांबीत दुमडून टोकाकडून खायचा. काटाचमचा मागू नका, कुणी हसणार नाही, पण खाणंच अवघड होईल. तिखट हवं असेल तर काउंटरवर वाळल्या मिरचीच्या फ्लेक्सची डबी असते, ती फुकट आहे.

पहिल्यांदा जाताना टॉपिंगच्या मोहात पडू नये असं माझं मत. दुकानाची परीक्षा प्लेन स्लाइसमध्येच होते.

किमतीबद्दल एक गंमत: १९८० पासून न्यूयॉर्ककर सांगत आले आहेत की स्लाइसची आणि सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, तिकिटाची किंमत जोडीने वाढते. हा काही अर्थशास्त्राचा नियम नाही, पण अंदाज बांधायला बरा आहे. नावाजलेल्या दुकानांत आता त्याहून जास्तच मोजावे लागतात. एक डॉलरवाल्या स्लाइसच्या दुकानांनीही बहुतेक ठिकाणी दर वाढवले आहेत.

आणि खिडकीतलं मोठं अक्षर बघा. शहराचं आरोग्य खातं २०१० पासून प्रत्येक खानावळीला स्वच्छतेची श्रेणी देतं आणि ती दर्शनी भागात लावावीच लागते. 'ए' सर्वात वरची.

३. मग स्लाइससाठी नेमकं कुठे जायचं?

ग्रीनिच व्हिलेजमधलं जोज, १९७५ चं. साधी स्लाइस म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. शाखा बऱ्याच झाल्या आहेत, कार्माइन स्ट्रीटवरची मूळची. लोअर ईस्ट साइडला ऑर्चर्ड स्ट्रीटवर स्कार्स आहे, तिथे पिठाकडे विशेष लक्ष असतं. विल्यम्सबर्गमध्ये ल'इंडस्ट्री, जिथे गरम तुकड्यावर थंड बुराटा चीज घालून देतात. हा प्रकार मला आधी नुसता दिखाऊ वाटला होता, पण खाल्ल्यावर तक्रार करायला जागा राहत नाही. अप्पर वेस्ट साइडला कोलंबिया विद्यापीठाच्या आसपास असाल तर ममाज टू.

ब्रुकलिनच्या मिडवुडमधलं डि फारा हे वेगळं प्रकरण. डोमेनिको डिमार्को यांनी ते १९६५ मध्ये सुरू केलं आणि कित्येक दशकं प्रत्येक पिझ्झा ते स्वतः बनवायचे. भट्टीतून काढलेल्या पिझ्झ्यावर कात्रीने ताजी तुळस कापून घालायचे. २०२२ मध्ये ते गेले. दुकान कुटुंबाने चालू ठेवलं आहे. मॅनहॅटनमधून जायला वेळ लागतो, तेव्हा हातात फक्त एक दिवस असेल तर हे सोडून द्या.

४. कोळशाच्या भट्टीचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण अमेरिकेतल्या पिझ्झ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. दक्षिण इटलीतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसं लोंढ्याने न्यूयॉर्कला आली. नेपल्समध्ये भट्टीला लाकूड लागायचं. इथे पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट कोळसा स्वस्त होता आणि बेकऱ्यांत त्याच्याच भट्ट्या होत्या. या कोळशाला धूर कमी आणि आंच प्रचंड, भट्टी सवाचारशे अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. त्यामुळे तळ कडक होतो, जागोजागी काळे डाग पडतात आणि आतला भाग चिवट न होता लुसलुशीत राहतो. डागांना 'जळलंय' म्हणून परत पाठवू नका, ते मुद्दाम तसं असतं.

स्प्रिंग स्ट्रीटवरच्या लोम्बार्डीजला १९०५ ची अमेरिकेतली पहिली पिझ्झेरिया म्हणतात. त्याच्याही आधी शहरात पिझ्झा विकला जात होता असं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे, आणि आजचं लोम्बार्डीज मूळ जागेवर नाही: जुनं १९८४ मध्ये बंद पडलं, १९९४ मध्ये त्याच रस्त्यावर जवळच पुन्हा उघडलं. इतिहासाची आवड असेल तर जा. फक्त चवीसाठी जायचं असेल तर माझी पसंती ब्लीकर स्ट्रीटवरच्या जॉन्सला, १९२९ चं. लाकडी बाकांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी नावं कोरून ठेवली आहेत आणि दारावरच लिहिलेलं आहे की सुटी स्लाइस मिळणार नाही. दोघांत एक लहान पिझ्झा पुरतो.

कोनी आयलंडला समुद्रावर जाणार असाल तर नेपच्यून अव्हेन्यूवरचं टोटोनोज, १९२४ चं. ते रोज उघडं असेलच असं धरून चालू नका. ईस्ट हार्लेममधलं पॅट्सीज १९३३ चं, आणि तिथे कोळशाच्या भट्टीतली सुटी स्लाइसही मिळत आली आहे, जे या घराण्यात दुर्मीळ आहे.

५. ब्रुकलिन ब्रिजखाली ग्रिमाल्डीज आणि जुलियानाज शेजारी शेजारी आहेत. खरं कोणतं?

दोन्हींमागे माणूस एकच. पॅट्सी ग्रिमाल्डी हे ईस्ट हार्लेमच्या पॅट्सीजच्या मालकांचे भाचे. त्यांनी १९९० मध्ये पुलाखाली कोळशाची भट्टी लावून दुकान काढलं, १९९८ मध्ये ते नावासकट विकलं. पुढे ग्रिमाल्डीज शेजारच्या इमारतीत गेलं, मूळची जागा मोकळी झाली, आणि निवृत्त झालेले पॅट्सी २०१२ मध्ये त्याच जागेत परत आले. नवीन दुकानाला त्यांनी आईचं नाव दिलं, जुलियाना. म्हणजे नाव एकाकडे, भट्टीची जागा दुसऱ्याकडे. मी जुलियानाजला जाईन. रांग दोन्हीकडे लागते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला ती त्यातल्या त्यात आटोक्यात असते.

६. कोळशाच्या भट्ट्यांवर बंदी आली म्हणे?

बंदी नाही. शहराचा नियम असा की लाकूड किंवा कोळसा जाळणाऱ्या जुन्या भट्ट्यांनी धुरातले सूक्ष्म कण ७५ टक्क्यांनी कमी करायचे. २०२४ पासून तो लागू झाला. त्यासाठी गाळणी यंत्रणा बसवावी लागते आणि ती महाग आहे, म्हणून मालक वैतागले होते. तुमच्या ताटावर याचा परिणाम होत नाही.

७. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा मधे ओला आणि मऊ का असतो? नीट भाजलेला नसतो का?

भाजलेला असतो. या पद्धतीत पिझ्झा भट्टीत फक्त साठ ते नव्वद सेकंद राहतो. कडा फुगतात, मधला भाग पातळ राहतो आणि टोमॅटो व ताज्या मोझरेलाचं पाणी तिथे जमतं. म्हणून तो सुरी-काट्याने खातात, आणि ताबडतोब खातात. पार्सल नेला तर पैसे वाया गेले समजा.

ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं ऊना पिझ्झा नापोलेताना या प्रकारात सगळ्यांच्या पुढे आहे. '५० टॉप पिझ्झा' या इटालियन यादीने २०२४ मध्ये त्याला जगात पहिलं ठरवलं, म्हणजे खुद्द नेपल्सच्याही वर. आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतं आणि टेबल आगाऊ घ्यावं लागतं. मेनू छोटा, आणि टॉपिंग अदलाबदल करून मागण्याचा तिथे रिवाज नाही. कुरकुरीत तळ आवडणाऱ्यांनी इथे न जाता प्रश्न ४ मधलं एखादं ठिकाण निवडावं.

८. चौकोनी पिझ्झा कुठला खावा?

ब्रुकलिनमध्ये ८६व्या स्ट्रीटवरचं एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स. इथे चीज खाली आणि सॉस वर असतो, त्यामुळे पाव मऊ राहतो आणि टोमॅटोची चव आधी लागते. उन्हाळ्यात बाहेरच्या टेबलांवर कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असतात. शेवटी स्पुमोनी, म्हणजे तीन रंगांचं आइसक्रीम, घ्यायचंच. मॅनहॅटनच्या नोलिटा भागातलं प्रिन्स स्ट्रीट पिझ्झा चौकोनी तुकड्यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची ख्याती पेपरोनीची आहे. शाकाहाऱ्यांनी प्रश्न १० वाचूनच तिथे जावं.

९. 'ओरिजिनल रेज' नावाचं पिझ्झ्याचं दुकान दहा ठिकाणी दिसलं. मूळचं कोणतं?

आता कोणतंच नाही. प्रिन्स स्ट्रीटवर १९५९ मध्ये निघालेलं पहिलं रेज २०११ मध्ये बंद झालं. मधल्या काळात 'फेमस', 'ओरिजिनल', 'वर्ल्ड फेमस' अशी विशेषणं लावून इतकी रेज निघाली की कोर्टकचेऱ्याही झाल्या. पाटी बघून आत शिरू नका.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. चीज पिझ्झा निर्धास्तपणे खाता येईल ना?

तुमचं शाकाहारीपण किती काटेकोर आहे, यावर ते ठरतं.

मांस-मासे तेवढे टाळायचे असतील तर प्लेन स्लाइस, मार्गेरिटा आणि बहुतेक भाज्यांचे पिझ्झे चालतील. पेपरोनी हे सॉसेज आहे, ढोबळी मिरची नव्हे. हा घोटाळा अजूनही होतो, म्हणून लिहितोय.

चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवायला घालतात ते द्रव्य) तुम्ही टाळत असाल तर गोष्ट अवघड होते. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट असावंच लागतं, तसा नियमच आहे. ग्राना पादानोतही तेच. पेकोरिनो रोमानोत कोकराचं असतं. पिझ्झा भट्टीतून आल्यावर त्यावर किसून घालतात ते चीज बहुधा यांतलंच. 'नो पार्मेजान, नो पेकोरिनो' असं सांगितलं तर ते घालत नाहीत. मोझरेलाचं मात्र ठिकाणानुसार बदलतं. अमेरिकेत बऱ्याच कारखान्यांत सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, सगळ्यांत नाही. वेटरला 'इज इट व्हेजिटेरियन?' विचारलं तर तो हो म्हणेल, कारण त्याच्या लेखी मांस नाही म्हणजे शाकाहारी. चीज कोणत्या कंपनीचं आहे ते विचारा आणि फोनवर शोधा.

पास्त्याच्या रेस्टॉरंटमध्ये धोके जास्त लपलेले असतात. मिनेस्ट्रोने सूप आणि रिसोटो (इटालियन भात) कोंबडीच्या किंवा मांसाच्या रश्शात शिजवलेले असू शकतात. पुटानेस्का सॉसमध्ये आणि सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतं. भाजीच्या नावाखाली आलेल्या ब्रोकोली राबे या पालेभाजीतही कधी कधी अँचोव्ही विरघळवलेला असतो, आणि तो दिसत नाही. भरवशाचे पास्ते म्हणाल तर पोमोदोरो (टोमॅटो सॉसचा), आर्राबियाता (हा तिखटही असतो), आणि चीज चालत असेल तर काचो ए पेपे (चीज आणि मिरपुडीचा).

वीगन असाल तर ग्रीनपॉइंटमधल्या पॉली जीजमध्ये वीगन पिझ्झ्यांचा स्वतंत्र मेनू आहे. किंवा मारिनारा पिझ्झा मागा. त्यात मुळातच चीज नसतं.

११. घरात कांदा-लसूण चालत नाही. काही मिळेल का?

मिळेल, आणि अनपेक्षित ठिकाणी. स्लाइसच्या सॉसमध्ये लसूण बहुतेक वेळा आधीच मिसळलेला असतो, तो काढता येत नाही. नेपल्सच्या मार्गेरिटात मात्र रूढ पद्धतीने फक्त कुस्करलेले टोमॅटो, मीठ, मोझरेला, तुळस आणि ऑलिव्ह तेल असतं. तेव्हा प्रश्न ७ मधल्या प्रकाराकडे वळा आणि तरीही एकदा विचारून खात्री करा. चीजबद्दल प्रश्न १० लागू आहेच. आर्राबियाता आणि मारिनारा यांच्यात लसूण असतो, ते टाळा.

१२. गोडात अंडं किंवा दारू नसलेलं काय?

तिरामिसूत अंडं असतं आणि बहुधा दारूही. पन्ना कोटात जिलेटिन. कानोलीच्या (गोड चीज भरलेल्या तळलेल्या नळीच्या) पारीत वाइन आणि क्वचित डुकराची चरबी. निवांत खायचं तर फळांचं सॉर्बेटो, म्हणजे दूध नसलेलं आइसक्रीम. ताज्या पास्त्यातही अंडं असू शकतं. सुका पास्ता साधारणपणे रवा आणि पाण्याचाच.

१३. लिटल इटलीत जेवावं का?

फिरावं, जेवायचं आग्रहाने नाही. मॅनहॅटनमधल्या या जुन्या इटालियन वस्तीचे मलबेरी स्ट्रीटवर आता मोजकेच काही ब्लॉक उरले आहेत. बाकी भाग चायनाटाउनने आणि सोहो-नोलिटाच्या दुकानांनी व्यापलाय. दारात उभे राहून हाताला धरून बोलावणारे वेटर दिसले की पुढे चला. फेराराची बेकरी १८९२ पासून आहे, तिथे कॉफी आणि कानोली घ्यायला हरकत नाही. सप्टेंबरात सान जेन्नारो या संताचा उत्सव भरतो, १९२६ पासून. गर्दीची आवड असेल तरच जा.

इटालियन मोहल्ला बघायचा असेल तर ब्राँक्समध्ये आर्थर अव्हेन्यूला जा. अख्खी सकाळ काढा. १९४० मध्ये महापौर ला गार्डिया यांनी हातगाडीवाल्यांना छताखाली आणायला बांधलेलं मार्केट आहे, बोर्गाटीजमध्ये ताजी राविओली (सारण भरलेला पास्ता) कापून देतात, मादोनियाची पावाची बेकरी १९१८ ची आहे. जेवायला मारिओज (१९१९ चं) किंवा डॉमिनिक्स. डॉमिनिक्समध्ये छापील मेनू नसतो, वेटर काय आहे ते तोंडी सांगतो. शाकाहाऱ्यांनी बसतानाच आपलं सांगून टाकलेलं बरं. ब्राँक्सचं प्राणिसंग्रहालय आणि बोटॅनिकल गार्डन दोन्ही जवळ आहेत, तेव्हा मुलांना घेऊन येणाऱ्यांची चांगली सोय होते.

१४. रेओजमध्ये टेबल मिळवून द्याल का?

नाही. ईस्ट हार्लेममधलं हे १८९६ चं रेस्टॉरंट. टेबलं दहाच आणि तीही वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांच्या नावावर लागलेली. ओळखीशिवाय शिरकाव नाही. त्यांचा बाटलीतला सॉस कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळतो, त्यावर समाधान माना.

तशाच जुन्या थाटाचं, पण सामान्य माणसाला जागा देणारं हवं असेल तर विल्यम्सबर्गचं बामोंटेज, १९०० सालचं. भरपूर लाल सॉस, चीजचा थर, एका ताटात दोघांचं जेवण. इटलीहून आलेला माणूस याला 'हे आमचं नाही' म्हणेल आणि ते खरंच आहे. दक्षिण इटलीतून आलेल्या गरीब माणसांना इथे मांस आणि चीज परवडू लागलं, त्यातून हे जेवण तयार झालं. ते न्यूयॉर्कचं आहे, नक्कल नाही.

आजच्या इटलीच्या जवळ जाणारं म्हणाल तर मॅनहॅटनमधल्या ग्रोव्ह स्ट्रीटवरचं वीया कारोता. काचो ए पेपे आणि हिरवं सॅलड यांसाठी लोक ताटकळत उभे राहतात, आणि त्या सॅलडबद्दलची सगळी स्तुती योग्य आहे. आगाऊ टेबल मिळालं नाही तर उघडायच्या वेळेला दारात हजर राहा.

१५. बिलात शेवटी आकडा एवढा का वाढतो? टिप किती द्यायची?

मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. शहरात तो ८.८७५ टक्के आहे. वेटर वाढत असेल तर टिप १८ ते २० टक्के, आणि ती ऐच्छिक आहे असं कागदावरच समजायचं, कारण वेटरचं पोट तिच्यावर चालतं. सोपा हिशेब: बिलावरच्या कराच्या दुपटीहून थोडं जास्त. मोठा ग्रुप असेल तर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच लावलेली नाही ना ते बघा, नाहीतर दोनदा जाते. स्लाइसच्या काउंटरवर टिप बंधनकारक नाही. बरणीत एखादा डॉलर टाकलात तर चांगलंच.

१६. कार्ड चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही जुनी आणि काही नावाजलेली दुकानं फक्त रोख घेतात. उलट बाजूला, शहराच्या कायद्याने २०२० पासून दुकानदाराला रोख रक्कम नाकारता येत नाही. म्हणजे नोटा खिशात असल्या की कुठेच अडत नाही. वाइन मागवणार असाल तर तरुण मंडळींनी पासपोर्ट जवळ ठेवावा. वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात.

१७. आईबाबांना दोन तास रांगेत उभं करता येणार नाही. लुकाली जमेल का?

तसं नाही जमणार. ब्रुकलिनच्या कॅरोल गार्डन्समधली लुकाली ही पिझ्झेरिया आगाऊ टेबल देत नाही. संध्याकाळी उघडण्याच्या बऱ्याच आधी जाऊन नाव नोंदवायचं, मग बोलावतील तेव्हा यायचं. एकाने लवकर जाऊन नाव घालावं आणि आईबाबांनी नंतर यावं, ही युक्ती चालते. वाइन स्वतःची नेता येते. एवढा खटाटोप नको असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जॉन्सला न्या (प्रश्न ४).

१८. आम्ही जर्सी सिटीत राहतो. पिझ्झ्यासाठी नदी ओलांडायलाच हवी का?

स्लाइससाठी किंवा कोळशाच्या भट्टीसाठी ओलांडा. बाकी तुमच्या दारातच राझा आहे, जर्सी सिटीतल्या ग्रोव्ह स्ट्रीटच्या पाथ (मॅनहॅटनला जोडणारी रेल्वे) स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्याला तीन तारे दिले, तेव्हा मॅनहॅटनवाले पाथ पकडून इकडे यायला लागले. पाव आणि लोणी वेगळं मागवा. पिझ्झ्याच्या आधी ते संपवू नका म्हटलं तरी संपतंच.